सूर्यभान टेलर आणि चोवीस वासरं

देवळाली प्रवरेच्या पेठेत सूर्यभान माळवदे यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, एक पायमशीन, कापड बेतायची एक फळी आणि गिऱ्हाइकाला उभं करायला समोरचा ओटा. पाटी होती, पण तिच्यावरचं ‘माळवदे’ उन्हानं उडून गेलं होतं आणि नुसतं ‘टेलर’ उरलं होतं. त्यामुळे सगळं गाव त्यांना सूर्यभान टेलरच म्हणायचं. किडकिडीत अंगाचा, चाळिशीचा माणूस. बोलायला लागला की थांबायचा नाही, पण मापाच्या बाबतीत भलताच कडक. कुणी “घ्या की जरा अंदाजानं” म्हटलं, तर ते टेप गुंडाळून सरळ खिशात घालत. “अंदाजानं शिवलेली पैरन अंगातबी अंदाजानंच जाती,” असं सुनावत.

मी वसंत साळवे, राहणार श्रीरामपूर. १९७१ साली मला देवळालीच्या बाहेर, कालव्याच्या कडेला असलेल्या वासरांच्या एका लहानशा केंद्रावर नोकरी लागली. देशी गाईला परदेशी वळूचं बीज देऊन झालेली संकरित वासरं आपल्या हवेत, आपल्या चाऱ्यावर कशी वाढतात, ते तिथं बघायचं होतं. चोवीस वासरं, त्यांच्या आया, मथुरी नावाची एक म्हातारी गीर गाय, प्रमुख म्हणून डॉक्टर वाकचौरे, गोठ्याचा सगळा कारभार बघणाऱ्या छबूबाई आणि नोंदी ठेवणारा मी, एवढाच आमचा संसार. सकाळच्या एस.टी.नं यायचं, आकडे लिहायचे, संध्याकाळच्या एस.टी.नं परतायचं.

त्या डिसेंबरात थंडी फार पडली. कालव्याकडून असा वारा यायचा की लहान वासरं सकाळी उठेनाशी झाली, खोकू लागली. डॉक्टरांनी पेंडीची रिकामी पोती काढली आणि सूर्यभान टेलरांना बोलावणं धाडलं.

“वासरांना झुली शिवायच्या आहेत,” डॉक्टर म्हणाले.

“वासरांना?”

“चोवीस वासरांना.”

सूर्यभान टेलरांनी एकदा वासरांकडं बघितलं, एकदा पोत्यांकडं. “खिसे ठिवायचे का?” त्यांनी विचारलं. डॉक्टर हसले, आणि सौदा झाला.

त्यांनी प्रत्येक वासराचं वेगळं माप घेतलं. छबूबाई म्हणाल्या, “आवो, सगळी सारखीच की. एक माप घ्या न् चोवीस कापा.” तर म्हणाले, “तुमच्या तिन्ही लेकींना एकच पोलकं घालता का?” आठवडाभरात झुली तयार झाल्या. पोटाखाली नाडी, गळ्याशी नाडी, शेपटाकडं कड दुमडलेली. वासरं त्या झुली घालून उन्हात उभी राहिली की एखाद्या शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी असावीत तशी दिसायची.

तीन आठवड्यांनी छबूबाईंनी टेलरांना निरोप पाठवला : झुली होईनात.

टेलर तणतणत आले. “माझं शिवलेलं आजवर परत आलेलं न्हाई!” पण बघतात तो खरंच, शेपटापर्यंत पोचणारी झूल आता पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या मांडीच्या, अलीकडंच संपत होती. त्यांनी सात नंबरच्या कालवडीला धरलं, पुन्हा माप घेतलं, मग आठ नंबरच्या, मग नऊच्या. कपाळावर आठ्या पडल्या, आणि हळूहळू त्या आठ्यांचं कुतूहल झालं.

“साळवे, हे बघा,” ते मला म्हणाले. “ही लांबीला वाढली, पायातबी वाढली. पन छाती? त्या मानानं न्हाईच. पोरांचं असंच असतंय. बारा-तेरा वर्षांचं पोर आलं की मी बाहीला दुमड जास्त ठिवतो. आधी हातपाय पळत्यात, छाती मागनं येती.”

डॉक्टर वाकचौरे पलीकडं एका वासराला सुई टोचत होते. ते तसेच, हातात सिरींज धरून आले.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कोन पायजे? इस वर्सं मापं घेतोय.”

“टेलर,” डॉक्टर म्हणाले, “मला हेच शोधायचंय. कुठला भाग कधी वाढतो आणि कधी थांबतो. जन्माला आलेलं वासरू म्हणजे लहान गाय नव्हे. त्याची ठेवणच निराळी असते. ती बदलत बदलत गाईची होते. पण हे आकड्यांत दाखवायचं तर दर पंधरवड्याला एकाच हातानं, एकाच पद्धतीनं मापं घ्यायला हवीत. आमच्याकडं वजनकाटासुद्धा अजून यायचाय. याल तुम्ही?”

सूर्यभान टेलरांनी टेप गळ्यात टाकला. मग म्हणाले, “येतो. पन मापं माझ्या पद्धतीनं. मधी कोनी ‘अंदाजे’ म्हनायचं न्हाई.”

असं ते काम सुरू झालं. जानेवारी १९७२ पासून, दर महिन्याच्या एक तारखेला आणि पंधरा तारखेला. प्रत्येक वासराची तीन मापं : खांद्यावरून जमिनीपर्यंत उंची, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी आणि पुढच्या पायांमागून छातीचा घेर. छबूबाई दावं धरायच्या, टेलर माप घ्यायचे, मी लिहायचो. वासरू चारी पायांवर सरळ उभं राहिल्याशिवाय ते टेप लावत नसत. वासराशी ते गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलत. “मान वर. हां. श्वास रोखू नका, नंतर तक्रार नको.” बारा नंबरचा गोऱ्हा लाथाळ होता. त्याला म्हणायचे, “पाव्हनं, लग्नाचा कोट हाय, जरा दमानं घ्या.” आणि गंमत म्हणजे तो दमानं घ्यायचा.

आता मथुरीचं सांगतो. ही म्हातारी गाय केंद्र सुरू होण्याआधीपासून तिथं होती. दूध आटलेलं, स्वभाव खाष्ट. मापं सुरू झाली की ती दावणीवरून मान ताणून रेकायची, शिंगानं गव्हाण ठोकायची. वासरांशी सगळे लाडानं बोलतात आणि आपल्याकडं कुणी बघत नाही, हे तिला खपायचं नाही. पहिल्याच दिवशी तिनं इतका दंगा केला की वासरं बिथरली. शेवटी टेलर वैतागून गेले आणि तिचंही माप घेतलं. ती एकदम शांत! तेव्हापासून प्रत्येक वेळी सगळ्यांत आधी मथुरीचं माप घ्यायचं, मग पुढचं काम, असा शिरस्ता पडला. मी हसत हसत पानाच्या तळाशी एक ओळ तिचीही लिहायचो. कुणी सांगितलं नव्हतं. पण टेलर आकडा मोठ्यांदा बोलत, आणि बोललेला आकडा न लिहिता सोडणं मला जमत नसे.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी आलेख काढायला सुरुवात केली. ते टेलरांना दाखवले, तर टेलर म्हणाले, “ह्या रेघांत वासरू कुठं हाय?” दुसऱ्या खेपेला येताना ते बगलेत खाकी कागदाची गुंडाळी घेऊन आले. केंद्राच्या ओट्यावर पसरली. सात नंबरच्या कालवडीची बाजूनं दिसणारी आकृती त्यांनी बेतली होती, महिन्याची असतानाची आणि सहा महिन्यांची असतानाची. पण महिन्याच्या वासराची आकृती त्यांनी सगळीकडून सारखीच वाढवून सहा महिन्यांच्या कालवडीएवढ्या उंचीची केली होती. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले.

छबूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. “आगं बया, ह्ये तर टेबलच!”

खरंच, नुसतं मोठं केलेलं ते लहान वासरू म्हणजे उंच उंच पायांवर ठेवलेली एक फळी दिसत होती. खालच्या कागदावरची कालवड मात्र लांब, खोल छातीची.

“बघा,” टेलर म्हणाले, “वासरू नुसतं फुगवलं तर गाय व्हत न्हाई. प्रत्येक जागेची शिवन वेगळी उसवावी लागती.”

डॉक्टरांनी ते कागद कचेरीच्या भिंतीवर लावले. आलेख फायलीत गेले. आसपासचे शेतकरी औषधाला म्हणून यायचे ते आधी ते कागद बघायचे. संकरित जनावरांवर तेव्हा लोकांचा विश्वास नव्हता. वशिंड नाही, गळ्याखाली लोंबती पोळी नाही, हे कसलं जनावर म्हणायचे. पण भिंतीवरच्या त्या आकृत्यांपुढं पाच मिनिटं तरी उभे राहायचे.

मग ते वर्ष फिरलं. जून कोरडा गेला, जुलै कोरडा गेला. कालव्याचं पाणी कमी झालं, उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, माणसं तुटून पडू लागली, कडबा मिळेना. आमच्या वासरांचा खुराक निम्म्यावर आला. आकडे मंदावले, ते अपेक्षितच होतं. पण सप्टेंबरात ते जवळजवळ थांबले. उंची, लांबी, घेर, तिन्ही. आणि एक ऑक्टोबरला तर भलतंच झालं. सात नंबरची लांबी पंधरवड्यापूर्वी एकशे सहा सेंटिमीटर लिहिली होती, ती आता एकशे साडेपाच भरली. अकरा नंबरचीही तीच गत.

डॉक्टर आकड्यांकडं बघत बसले. पुण्याहून मोठे साहेब वीस तारखेला येणार होते. दुष्काळात हे केंद्र चालू ठेवायचं की वासरं विकून बंद करायचं, हे त्यांच्या हातात होतं. “हाडं वाढायची थांबली म्हणजे ही वासरं इथं तगत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ निघेल,” डॉक्टर म्हणाले. मग टेलरांकडं वळून, आवाज न चढवता, “सूर्यभान, हल्ली दमता का तुम्ही? मागं-पुढं होतंय का काही?”

शब्द साधेच होते, पण टेलरांचा चेहरा पडला. त्यांनी टेप गुंडाळला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तारीख नसताना ते सकाळीच हजर झाले. डोळे तांबारलेले. “साळवे, वही काढा,” म्हणाले. “मथुरीची वळ वाचा. लांबी तेवढी. जानेवारीपासनं.”

मी वाचू लागलो. “एकशे बत्तीस. एकशे बत्तीस. एकशे बत्तीस. एकशे साडेएकतीस. एकशे साडेएकतीस. एकशे एकतीस...” मे महिन्यात एकशे तीस. ऑगस्ट-सप्टेंबरात एकशे साडेएकोणतीस. कालची एकशे साडेअठ्ठावीस.

मी थांबलो. वाचता वाचताच माझ्या लक्षात आलं होतं.

“म्हातारी गाय साडेतीन सेंटिमीटरनं आखूड झाली व्हय?” टेलर म्हणाले. “खुराक कमी झाला तर पोट आत जाईल, छातीबी उतरंल. पन हाडाची लांबी? न्हाई साळवे. गाय आखडली न्हाई. टेप वाढलाय.”

आम्ही दोघं पेठेत गेलो. चौकातल्या कापडदुकानात सरकारी शिक्क्याची लोखंडी मीटरपट्टी होती. दुकान नुकतंच उघडत होतं. टेलरांनी टेप पट्टीवर ठेवला, एक टोक जुळवलं आणि बोटानं टेप सपाट करत नेला. पट्टी संपली आणि टेपावरचा शंभरचा आकडा तिच्या पुढं जवळपास दोन बोटं गेला होता. मोजला तर दोन सेंटिमीटर आणि सात मिलिमीटर.

टेप ताणला गेला की त्याच्यावरच्या खुणा लांब लांब जातात, आणि मापायची वस्तू आहे त्यापेक्षा कमी भरते. नऊ महिने हेच चाललं होतं.

कशानं, हेही लगेच कळलं. शेणामुताचा टेप कपड्याला लागू नये म्हणून टेलर प्रत्येक खेपेनंतर तो साबणानं धूत. धुतला की सुरकुती राहू नये म्हणून खुंटीला टांगत आणि खालच्या टोकाला कापड कापायची लोखंडी कात्री अडकवत. रात्रभर. दर पंधरवड्याला. इतर कुठल्या शिंप्यानं टेप आयुष्यात एकदाही धुतला नसेल. गिऱ्हाइकाचं माप आणि कापडाचा बेत दोन्ही त्याच टेपानं, म्हणून कपड्यांत मात्र फरक कधी दिसला नव्हता.

आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी, ते ऐकलं आणि म्हणाल्या, “मी म्हनत हुते, एवढी जड कातर त्या फडक्याला कशाला टांगता. पन माझं ऐकतंय कोन.” टेलरांनी ती कात्री बाजूला ठेवली. भिंतीशी टेकून बसले.

मला त्यांची दया आली. मी म्हणालो, “नवा टेप घ्या. कुणाला सांगायची गरज नाही. पंधरा तारखेला नव्या टेपानं मापू.”

“आन लिहायचं काय? पंधरा दिवसांत सगळी वासरं दोन बोटं वाढली, चाऱ्याबिगर?” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “ते खोटं दिसंलच. आन न्हाई दिसलं तरी ते खोटंच हाय की. चला डॉक्टरांकडं.”

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चूक म्हणजे काय ते त्यांना आमच्यापेक्षा नीट कळत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “नऊ महिने,” एवढंच म्हणाले. टेलर उभेच होते, गळ्यात टेप नव्हता, त्यामुळे कसे उघडे उघडे दिसत होते.

“माझ्यामुळं झालं, डॉक्टर. मी मापाच्या गमज्या मारल्या आन माझंच माप खोटं निघालं. तुमी म्हनाल ते कबूल. पन एक सांगतो. मथुरी खोटी न्हाई.”

“म्हणजे?”

“तिची लांबी बदलत न्हाई. मग ज्या दिवशी ती एकशे तीस भरली, त्या दिवशी टेप किती वाढल्याला हुता ते तिनंच सांगितलंय की. दर खेपंला सांगितलंय. साळव्यांनी लिहून ठिवलंय.”

डॉक्टर एकदम उठले. वही ओढली. मथुरीची ओळ खालपर्यंत बोटानं वाचत गेले. मग टेबलावर हात आपटून म्हणाले, “साळवे, कागद आणा. पुष्कळ आणा!”

चोवीस वासरं, तीन मापं, एकोणीस खेपा. तेराशे अडुसष्ट आकडे. प्रत्येकाला त्या त्या दिवसाच्या मथुरीच्या मापानं भागायचं आणि एकशे बत्तीसनं गुणायचं. डॉक्टर गुणाकार करत, मी तपासत असे. आठ दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. टेलर दुपारी दुकान बंद करून येत आणि नुसते बसत. आम्ही आकडा चुकवला की न बघता त्यांना कळायचं, कारण आम्ही शिव्या द्यायचो. सात नंबरच्या लांबीवर आम्ही तिघंही वाकलो. एकशे सहा आणि एकशे साडेपाचऐवजी आधी एकशे आठ, आणि मग एकशे आठच्या वर जवळपास चार मिलिमीटर. म्हणजे कालवड आखडली नव्हती. कणभर का होईना, वाढतच होती.

पण खरी गोष्ट पुढंच होती. दुरुस्त केलेले आकडे मांडले तेव्हा उंचीची रेघ दुष्काळातही चढत राहिलेली दिसली, जरा सावकाश, पण चढत. लांबीही रेंगाळत पुढं सरकत होती. थांबला होता तो फक्त छातीचा घेर, जुलैपासून, ठप्प थांबलेला.

“सांगाडा थांबला नाहीये,” डॉक्टर हळूच म्हणाले. “शरीर आधी पाय आणि पाठ भागवतंय. छाती थांबवून ठेवलीय. मागाहून भरेल म्हणून.”

“मी काय म्हनलं हुतं?” टेलर म्हणाले. “छाती मागनं येती.” 

वीस तारखेला पुण्याचे साहेब आले. उंच, करडे, कमी बोलणारे. डॉक्टरांनी आलेख पुढं ठेवले आणि त्याआधीच सांगितलं की हे आकडे दुरुस्त केलेले आहेत. साहेबांच्या भुवया वर गेल्या. दुरुस्त का, म्हणून विचारलं. डॉक्टर सांगायला लागले तोच टेलर पुढं झाले. “साहेब, चूक माझी हाय, मीच सांगतो,” म्हणाले आणि धुणं, खुंटी, कात्री सगळं सांगितलं. मग जुना टेप आणि चौकातून मागून आणलेली लोखंडी पट्टी साहेबांपुढं ठेवली.

साहेबांनी स्वतः टेप लावून बघितला. मग विचारलं, “आणि मोठ्या गाईचं माप दर वेळी घ्यायचं, ही कल्पना कुणाची?”

“तिचीच,” छबूबाई दारातून म्हणाल्या. “न्हाई घेतलं तर लई दंगा करती.”

साहेब त्या दिवसात पहिल्यांदा हसले. त्यांना मथुरी बघायची होती. तिनं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, कारण त्यांच्या हातात टेप नव्हता.

केंद्र बंद झालं नाही. साहेबांनी सगळ्यांत लहान दहा वासरांपुरता जास्तीचा चारा मंजूर केला, कारण त्यांची उंचीच्या वाढीची वेळ अजून सरली नव्हती आणि ती वेळ हुकली तर ती परत येत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना पटवून दिलं. जाताना साहेब टेलरांना म्हणाले, “पोलादी टेप पाठवतो. तो धुवा, काय वाटेल ते करा.” महिन्याभरात तो आला. वजनकाटा मात्र आलाच नाही.

या गोष्टीचा गावात बोभाटा झाला. आधी लोक हसले. टेलरचा टेप वाढला, आता आपल्या विजारी तंग होणार, असं म्हणाले. मग जानेवारीत एक दिवस भिमाजी नावाचा शेतकरी आपली दहा महिन्यांची संकरित कालवड घेऊन थेट दुकानासमोर उभा राहिला. चारा छावणीतून आणली होती. फासळ्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली.

“इकून टाकावी म्हनतो,” भिमाजी म्हणाला. “खुरटली ही. आता काय वाढायची न्हाई. तुमी मापं घेता म्हनून शेवटचं इचारतो.”

सूर्यभान टेलरांनी हातातलं शर्टाचं काम बाजूला ठेवलं. पोलादी टेप काढला. कालवड चारी पायांवर सरळ, चौकटीत उभी केली, उंची घेतली, लांबी घेतली, घेर घेतला. सात नंबरच्या दहा महिन्यांच्या मापाशी ताडून बघितलं. ते त्यांना तोंडपाठ होतं.

“इकू नका,” ते म्हणाले. “उंचीला दोनच सेंटिमीटर कमी हाय. सांगाडा तयार हाय, भरायचा ऱ्हायलाय. आवंदा कशीबशी जगवा. पाऊस पडला की बघा.”

“आन न्हाई भरली तर?”

“न्हाई भरली तर माझ्याकडं आना, मी पैरन शिवून देतो. पोकळ दिसनार न्हाई.”

भिमाजी हसला आणि कालवड घेऊन गेला. त्यानंतर दर रविवारी दुकानासमोर जनावरं उभी राहू लागली. कुणाची कालवड, कुणाचा गोऱ्हा. टेलर एका हातानं कपड्याचं माप घेत, दुसऱ्या हातानं जनावराचं, असं लोक थट्टेनं म्हणत. सगळ्यांना ते ‘ठिवा’ म्हणाले नाहीत. पाथर्डीकडून आलेल्या एका कुटुंबाच्या वासराची उंचीच बसलेली होती. त्यांना त्यांनी तसं सरळ सांगितलं आणि त्या दिवशी पुढचं कुठलंच माप घेतलं नाही.

१९७३ चा पाऊस चांगला झाला. कालवा भरून वाहू लागला, बांधांवर गवत आलं. आमच्या वासरांचे घेर असे सुटले की डॉक्टर दर पंधरवड्याला मला पुन्हा मोजायला लावत. मीही खुशीनं मोजत असे.

दिवाळीच्या आधी एका बाजारच्या दिवशी मी टेलरांच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. भिमाजी आला, कालवड घेऊन. ती इतकी भरली होती की मी तिला ओळखलंच नाही. टेलरांनी ओळखलं. ते टेप घेऊन खाली उतरले आणि कालवड भर रस्त्यात चौकटीत उभी केली. तेवढ्यात राहुरीकडून एस.टी. आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, कालवड बिथरली, पाय फाकवून उभी राहिली.

“थांबा!” टेलर ओरडले. “वाकडं उभं ऱ्हायलं की माप चुकतंय!”

ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला. काय चाललंय ते बघितलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं पुढं होऊन कालवडीचं दावं धरलं. कंडक्टर पायरीवर आला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. टेलरांनी पुढच्या पायांमागून टेप फिरवला, घट्ट नाही, सैल नाही, आणि वाकून आकडा बघितला.

“किती?” कंडक्टरनं विचारलं.

“एकशे एक्केचाळीस,” टेलर म्हणाले. “जानेवारीत एकशे चार हुती.”

एस.टी.तल्या कुणीतरी टाळी वाजवली. भिमाजीनं टोपी काढून कपाळ पुसलं. ड्रायव्हर दावं सोडेना. “आमच्याकडं एक गोऱ्हा हाय,” तो म्हणाला, “रविवारी आनला तर चालंल का?”